खालच्या बिजागरीचं पॅकिंग

“आणि मग राणी म्हणाली, माझा राजा लढाईवरून परत येईपर्यंत हे दार मिटायचं नाही,” असं म्हणून बायकोने रुमालाने डोळे टिपले. “राजा आलाच नाही हो! आणि दार अजून मिटलेलं नाही. सहाशे वर्षं झाली!”

मिस्त्रींच्या घशात चहाचा घोट अडकला. ते इतके खोकले, की बायकोला रडणं अर्धवट सोडून त्यांच्या पाठीवर थापा मारायला उठावं लागलं.

“कुठलं दार?” श्वास जागेवर आल्यावर त्यांनी विचारलं.

“अहो, राजवाड्यातलं! राणीच्या महालाचं. ती गाईड कडी धरून दार ओढून घेते आणि सोडते. दार आपोआप, अगदी सावकाश, परत उघडतं. आतून कुणी हळूच ओढून घ्यावं ना, तसं. आम्ही चौदाजणी होतो, चौदाच्या चौदा रडल्या. शेजारच्या काकू तर एवढ्या रडल्या, की त्यांना तोफा बघायच्या राहिल्या.”

“राणीबिणी काही नाही,” मिस्त्री म्हणाले. “खालच्या बिजागरीला पॅकिंग राहिलंय. मागे चीप घालायची असते.”

बायकोचा रुमाल हवेतच थांबला.

मिस्त्री हे बोलले ते माहीत असल्याशिवाय बोलले नव्हते. मध्ययुगातला तो राजवाडा पडका, वटवाघळांनी भरलेला असताना त्याची डागडुजी सुरू झाली आणि पाच वर्षांनी त्याचं संग्रहालय झालं, तेव्हा त्यातली एकतीस दारं मिस्त्रींच्या हातची होती. राणीच्या महालाचं मूळ दार वाळवीने फस्त केलं होतं. मिस्त्रींनी तबेल्याच्या जुन्या तुळया फाडून नवं दार केलं, आणि ते असं जुनं केलं, की तज्ज्ञांच्या समितीने त्यावर हात फिरवून “बघा, असं काम आता होत नाही” म्हणून सुस्कारे सोडले होते. मिस्त्री तेव्हा मागेच उभे होते. त्यांनीही एक सुस्कारा सोडला होता.

त्यांना सगळी गल्ली ‘ओळंबा मिस्त्री’ म्हणायची. भिंत असो, चौकट असो की समोर उभा असलेला पाहुणा, सरळ आहे की कलला आहे हे त्यांना नुसत्या नजरेने कळायचं, आणि कललेलं काही दिसलं की त्यांचं जेवणात लक्ष लागायचं नाही. पन्नास वर्षांत त्यांनी हजारभर दारं बसवली होती. त्यांपैकी एकही कुरकुरत नव्हतं, घासत नव्हतं, वाऱ्याने आपटत नव्हतं. फक्त एक सोडून. ते एक दार त्यांना चार वर्षं मनातल्या मनात डाचत होतं. कुणाच्या लक्षात आलं नसेल, दोन महिन्यांत कुणीतरी दुसऱ्या मिस्त्रीने नीट केलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आणि आता कळत होतं, की त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव चूक बघायला माणसं रांगा लावत होती. वर रडत होती.

“पण तुमच्या हातून पॅकिंग राहिलंच कसं?” बायकोने विचारलं.

“राहिलं,” मिस्त्री म्हणाले आणि कप विसळायला उठले. त्यांनी लग्नानंतर कप विसळल्याचं बायकोने पहिल्यांदाच बघितलं.

“एवढं दार डाचतंय, तर हे नाही डाचत?” तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटाचं दार अकरा वर्षं मिटत नव्हतं. ते मिटलेलं राहावं म्हणून तिने त्याला सुतळी बांधली होती.

“ते घरातलं आहे,” मिस्त्री म्हणाले. “ते करू कधीतरी. राजवाड्याचं उद्याच करतो.”

दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मिस्त्री संग्रहालयाच्या कार्यालयात हजर झाले. त्यांचा हिशेब साधा होता. आपली चूक आहे, आपण कबूल करायची, अर्ध्या तासाचं काम, करून निघायचं. खिडकीमागे एक कारकून बसला होता. त्याने मिस्त्रींचा अर्ज दोनदा वाचला.

“दार दुरुस्त करायचंय म्हणता?”

“हो. राणीच्या महालाचं. मिटत नाही ते.”

“ते मिटत नाही, हेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे.”

“वैशिष्ट्य नाही हो, चूक आहे. माझी. चार वर्षांपूर्वीची.”

कारकुनाने कपाटातून एक जाडजूड वही काढली आणि पान उलगडून मिस्त्रींच्या पुढे केलं. “हे बघा. ‘राणीच्या महालाचं दार. वय अंदाजे सहाशे वर्षं.’ तुमचं वय किती?”

“एकोणसत्तर.”

“मग चूक तुमची कशी असेल?”

मिस्त्रींनी बोटांवर मोजून बघितलं. हिशेबात त्यांना हरवणारा माणूस त्यांना क्वचितच भेटला होता. तरी त्यांनी नेट लावला. ते दार तबेल्याच्या तुळयांचं आहे, त्यावरचा जुनेपणा आपण चहाच्या पाण्याने आणि सायकलच्या चेनने आणला आहे, हे त्यांनी बारकाव्यानिशी सांगितलं. कारकुनाचा चेहरा हळूहळू सहानुभूतीने भरून आला.

“तुमच्या घरी कोण कोण असतं, आजोबा?” त्याने मऊ आवाजात विचारलं. “तुम्ही इथे आलाय हे त्यांना माहीत आहे ना?”

त्यावर मिस्त्री जे उठले ते तडक घरी आले. अर्जाने दारं बसत नाहीत, हे त्यांना आधीच कळायला हवं होतं. चार दिवसांनी त्यांनी खांद्याला पिशवी लावली, तिकीट काढलं आणि साध्या प्रेक्षकासारखे राजवाड्याच्या रांगेत उभे राहिले. पिशवीत पेचकस, गुण्या, ओळंबा, छोटा रंधा, साबणाचा तुकडा आणि पॅकिंगला म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या सात लाकडी चिपा होत्या.

धातू ओळखणाऱ्या कमानीखालून ते गेले मात्र, कमान अशी किंचाळली की रांगेतल्या एका बाईने हातातलं आइस्क्रीम टाकलं. रखवालदाराने पिशवी टेबलावर रिकामी केली. तो मिशाळ, धिप्पाड आणि मुळात भला माणूस होता.

“काका, हे काय?”

“पेचकस.”

“आणि हे?”

“ओळंबा.”

“राजवाडा बघायला आलात की पाडायला?”

“सरळ करायला,” मिस्त्री म्हणाले.

रखवालदाराने सगळ्या वस्तू जप्त करून त्यांची रीतसर पावती दिली. पावतीवर ‘लाकडी चिपा, नग सात’ असंही लिहिलं, कारण त्या नक्की कशासाठी आहेत हे मिस्त्रींनी सांगायला नकार दिला होता. हत्यारांशिवाय आत जाऊन करायचं काय? पण तिकीट काढलंच होतं, म्हणून ते गेले. राणीच्या महालासमोर दोरीच्या अलीकडे उभे राहिले. ती गाईड पंचवीस माणसांना गोष्ट सांगत होती. तिने कडी धरून दार ओढलं आणि सोडलं. दार सावकाश उघडलं. लोकांनी उसासे टाकले. मिस्त्रींना शरमेने घाम फुटला. चार बोटं कललंय, त्यांच्या मनात आलं, चार बोटं, आणि माणसं फोटो काढतायत.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि समोर येऊन बसली.

“एवढं लागलंय का मनाला?”

“मी मेल्यावरही ते दार तसंच उघडत राहणार,” मिस्त्री म्हणाले. “लोक येणार, बघणार. पन्नास वर्षांत नीट बसवलेली हजार दारं कुणी बघायला जाणार नाही. हे एक बघणार.”

बायकोने थोडा वेळ विचार केला. मग ती उठली, चमच्यांच्या डब्यातून एक जाड दांड्याचा स्टीलचा चमचा काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“ह्याच्या दांड्याने फिरतील का स्क्रू?”

मिस्त्रींनी चमचा उलटा धरला. जुने दिसावेत म्हणून राजवाड्याच्या बिजागऱ्यांना त्यांनी मोठ्या डोक्याचे, रुंद खाचेचे स्क्रू मुद्दाम घडवून घेतले होते. त्यांचे डोळे चमकले.

“पण रखवालदार चमचा तरी कशाला सोडेल?”

“मला खोकला आहे,” बायको म्हणाली आणि नमुन्यादाखल खोकून दाखवलं. “औषध दर तासाला घ्यावं लागतं. ते काय तळहातावर घेऊ? मात्र एक सांगून ठेवते. राणीचं दार मिटलं, की त्याच दिवशी माझं कपाट मिटलं पाहिजे.”

“कबूल.”

ठरल्याप्रमाणे दोघं सकाळीच राजवाड्यावर पोचली. निघताना मिस्त्रींनी खिळ्यांच्या डब्यातून काहीतरी शोधून शर्टाच्या खिशात टाकलं होतं. कमान पुन्हा किंचाळली. मिशाळ रखवालदाराने मिस्त्रींना बघून आधीच टेबल रिकामं केलं होतं.

“आज काय आणलंत, काका?”

मिस्त्रींच्या खिशातून एक स्क्रू निघाला. नुसता एक, मोठ्या डोक्याचा, काळपट.

“आणि हा कशाला?”

“हा इथलाच आहे,” मिस्त्री म्हणाले.

रखवालदाराने स्क्रू उलटसुलट करून बघितला. एका स्क्रूने राजवाडा पाडल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. त्याने तो परत दिला. तेवढ्यात बायकोने खोकला काढला, आणि तो इतका जमून आला की रखवालदाराने औषधाची बाटली आणि चमचा स्वतःच्या हाताने कमानीपलीकडे नेऊन दिला. “काकू, ह्याच्यावर गरम पाणी प्या,” असंही वर सांगितलं.

राणीच्या महालाशी त्या वेळी फक्त एक पहारेकरीण खुर्चीवर बसली होती. पुढचा जथा तोफांपाशी होता. बायकोने मिस्त्रींकडे बघितलं, मिस्त्रींनी मान हलवली, आणि तिने खोकायला सुरुवात केली. आधी साधं खोकली. मग भिंतीला धरून खोकली. मग जमिनीवर बसून खोकली.

“पाणी!” तिने कसंबसं म्हटलं.

पहारेकरीण पाण्यासाठी धावली. पाण्याचं पिंप तबेल्याजवळ होतं, म्हणजे जाऊन-येऊन दहा मिनिटं. मिस्त्रींनी वयाच्या सहाव्या वर्षानंतर पहिल्यांदाच दोरीवरून उडी मारली आणि ते दाराच्या आतल्या बाजूला गेले.

आता त्यांचे हात त्यांचं ऐकत नव्हते, स्वतःच्या मनाने चालत होते. डाव्या पायातली चप्पल काढून त्यांनी दाराखाली पाचर म्हणून ठोकली, म्हणजे दाराचा भार चपलेवर आला. चमच्याच्या दांड्याने खालच्या बिजागरीचे तीन स्क्रू फिरले. चौथ्याची जागा रिकामीच होती. चार वर्षांची धूळ त्यांनी फुंकून काढली. आता पॅकिंग. त्यांनी खिसा चाचपला. चिपा तर सातही जप्त झाल्या होत्या, आणि बदली काही आणायचं स्क्रू शोधण्याच्या नादात राहून गेलं होतं.

“अहो, आटपा!” बाहेरून बायको दोन खोकल्यांच्या मधून म्हणाली. “माझा घसा खरंच बसतोय!”

मिस्त्रींच्या हाताला तिकीट लागलं. चांगलं जाड, गुळगुळीत पुठ्ठ्याचं तिकीट होतं. त्याच्यावर ह्याच दाराचं, अर्धवट उघडं असलेलं रंगीत चित्र होतं. मिस्त्रींनी तिकिटाची एक घडी घातली आणि ते बिजागरीमागे सरकवलं. बेतून घेतल्यासारखं बसलं! त्यांनी तिन्ही स्क्रू पिळले, खिशातला चौथा त्याच्या रिकाम्या जागी बसवला, चप्पल ओढून काढून दोरीपलीकडे भिरकावली आणि दार हळूच लोटलं.

दार लोण्यातून फिरल्यासारखं फिरलं. खट् असा एक छोटासा, भरीव आवाज झाला आणि दार मिटलं. मिटलेलं राहिलं. मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले. पन्नास वर्षांतलं हजारावं दार सरळ झालं होतं. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या भरलेल्या डोळ्यांनी त्यांनी दार उघडायला कडी शोधली.

कडी नव्हती. कडी बाहेरच्या बाजूला होती. आतली कडी चार वर्षांपूर्वी दार बसल्यावर लावायची होती, तीही राहिली होती. आणि पुढे दार कधी मिटलंच नाही, तेव्हा आतून ते उघडायची गरज कुणाला पडणार? मिस्त्रींनी चमच्याचा दांडा फटीत घालून बघितला. पण ओळंबा मिस्त्रींनी बसवलेल्या दाराला फट कुठली असायला!

बाहेर बायको कडीला हात घालणार, एवढ्यात तोफा बघून झालेला जथा कोपऱ्यावरून वळला. ती जागच्या जागी थिजली आणि सवयीने एकदा खोकली. गाईड दाराकडे पाठ करून उभी राहिली. ती ही गोष्ट दिवसातून नऊ वेळा सांगायची, तेव्हा दाराकडे बघायची तिला गरज नव्हती.

“आणि राणी म्हणाली,” तिने आवाज खाली आणला, “माझा राजा परत येईपर्यंत हे दार मिटायचं नाही. आज सहाशे वर्षं झाली, तरी बघा—” असं म्हणून ती वळली.

दार मिटलेलं होतं. दोरीच्या अलीकडे, जमिनीवर, पुरुषाची एक चप्पल पडली होती.

गाईडच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आणि त्याच वेळी आतून कुणीतरी दारावर तीन वेळा ठकठक केलं.

“राजा आला!” जथ्यातली एक म्हातारी किंचाळली. तिच्या शेजारच्या गृहस्थांनी नकळत टोपी काढली. कुणी हात जोडले, तिघांनी फोन वर केले, आणि एक तरणाताठा माणूस स्वतःच्या बायकोच्या मागे जाऊन लपला. गाईडने कडी फिरवली. दार आवाज न करता उघडलं. उंबरठ्यावर एका पायात चप्पल घातलेले, हातात चमचा धरलेले, डोळे पाणावलेले मिस्त्री उभे होते.

“घासतंय का कुठे?” त्यांनी गाईडला विचारलं.

“हे… हे कोण?” गाईडने सगळ्यांनाच विचारलं.

“आमचेच आहेत,” बायको म्हणाली आणि पुढे होऊन चप्पल त्यांच्या पायाशी ठेवली.

पाणी घेऊन आलेल्या पहारेकरणीने शिट्टी वाजवली. पुढच्या दहा मिनिटांत मिस्त्री, बायको, गाईड, पहारेकरीण आणि चमचा एवढे सगळे संग्रहालयाच्या मुख्य मॅडमच्या खोलीत जमले. कारकूनही आला. त्याने मिस्त्रींना ओळखलं आणि “मी म्हटलं नव्हतं?” अशी मान हलवली, पण काय म्हटलं होतं हे कुणी विचारलं नाही.

मॅडम खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मग खालच्या कप्प्यातून डागडुजीच्या काळची एक जुनी फाइल काढून चाळली.

“बरोबर आहे ह्यांचं,” त्या म्हणाल्या. “दार नवं आहे. एकतीस दारं ह्यांचीच. मग ती राणीची गोष्ट कुठून आली?”

सगळे गाईडकडे बघायला लागले. ती रडवेली झाली.

“मॅडम, लोक रोज विचारायचे, हे दार का मिटत नाही? मला काय माहीत! एकदा मी सांगून टाकलं, राणी वाट बघतेय. तर एक आजी रडल्या. मग दुसऱ्या दिवशी त्या आजींच्या मैत्रिणी आल्या. मग तिकिटावर चित्र छापलं गेलं. मग वहीत आलं. आता मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते?”

मॅडमनी कारकुनाच्या वहीकडे एक नजर टाकली. कारकुनाने वही पाठीमागे घेतली.

“पण मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “तीस दारं अशी, की पाहत राहावीत. मग हेच एक का राहिलं?”

“राहिलं,” मिस्त्री म्हणाले आणि विसळायला कप आहे का, अशा नजरेने टेबलावर बघायला लागले.

“सांगा हो,” बायको म्हणाली. “मीही हेच विचारते, तर मला उत्तर देत नाहीत.”

मिस्त्रींनी चमचा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे. सगळी दारं झाली होती, हे शेवटचं. तीन स्क्रू लावले, चौथा हातात होता. मग आतली कडी आणि पॅकिंग, अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, की हिचं ऑपरेशन उद्या सकाळी नाही, आत्ता चार वाजताच करतायत. सव्वातीन झाले होते. मी तसाच पळालो.”

बायको त्यांच्याकडे बघत होती.

“तुम्ही तर मला म्हणालात, काम आटपूनच आलोय.”

“तू स्ट्रेचरवर होतीस. काम टाकून आलो म्हटलं असतं, तर तू आत जाताजाताही मला ओरडली असतीस.”

“भुवयांवर भुसा होता तुमच्या,” बायको म्हणाली. तिचा घसा बसलेलाच होता, त्यामुळे आवाज फार लहान आला. “आणि त्या नर्सला खाटेखाली एक स्क्रू सापडला. सगळ्या वॉर्डच्या खाटा हलवून बघितल्या त्यांनी, कुणाचा निघालाय म्हणून. तो हा?”

“तो हाच. मी नंतर हळूच उचलून घेतला. आज लावला.”

बायकोने हात पुढे केला. “चमचा द्या.”

“कशाला?”

“द्या म्हणते ना.”

चमचा घेऊन ती निघाली. तिच्यामागे मिस्त्री, त्यांच्यामागे मॅडम, गाईड, पहारेकरीण आणि कारकून अशी वरात राणीच्या महालाशी पोचली. बायको दोरीखालून वाकून आत गेली, उकिडवी बसली आणि चमच्याचा दांडा खालच्या बिजागरीला लावला.

“अगं, काय करतेस?” मिस्त्री कळवळून म्हणाले. “आत्ता कुठे सरळ झालंय ते!”

“राहू दे तुमचं सरळ. ह्या दाराला हात लावायचा नाही. चप्पल काढा.”

मिस्त्रींनी मॅडमकडे आशेने बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. गाईड तर डोळे पुसत होती, आणि स्वतःची राणीची गोष्ट सांगताना ती आजवर कधी रडली नव्हती. शेवटी मिस्त्रींनी चप्पल काढून दाराखाली ठोकली, कारण आधार न देता स्क्रू काढलेले त्यांना बघवले नसते. तिकीट निघालं, ते मिस्त्रींनी खिशात टाकलं. स्क्रू पुन्हा बसले, चौथाही. बायकोने कडी धरून दार ओढून घेतलं आणि सोडलं. दार आपोआप, अगदी सावकाश, परत उघडलं.

“हं,” बायको म्हणाली.

परत निघताना मॅडमनी मिस्त्रींना थांबवलं. दाराजवळची पाटी आता खरी लिहायला हवी, त्या म्हणाल्या. राणीची गोष्ट राहील, पण दंतकथा म्हणून. आणि खाली ओळ येईल, दार अमक्या मिस्त्रींनी घडवलं. “तुमचं पूर्ण नाव सांगा.”

मिस्त्री दोन पावलं मागे सरकले. “न मिटणाऱ्या दारावर माझं नाव? मुळीच नको! बाकीच्या तिसांपैकी कुठल्याही दारावर घाला. संडासाच्या दारावर घाला, हवं तर. किती छान मिटतं ते!”

“मग माझं घाला,” बायको म्हणाली आणि मॅडमना नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

फाटकावर मिशाळ रखवालदाराने पावती घेऊन पेचकस, गुण्या, ओळंबा, रंधा, साबण आणि लाकडी चिपा नग सात परत केल्या. बायकोचा बसलेला आवाज ऐकून “गरम पाणी प्यायला नाहीत ना?” असंही रागावला.

ठरल्या बोलीप्रमाणे मिस्त्रींनी घरी येताच कपाट हातात घेतलं. खरं तर राणीचं दार मिटलेलं नव्हतं. पण ‘मिटलं होतं, तूच परत उघडलंस, तेव्हा बोली मोडली’ असा वाद घालायची त्यांची आज तयारी नव्हती. त्यांनी सुतळी सोडली, बिजागरी ढिली केली आणि पॅकिंगला काय घालावं म्हणून सात चिपा लावून बघितल्या. एकही बरोबर बसेना. मग त्यांनी खिशातलं ते घडीचं तिकीट सरकवलं. खट्! अकरा वर्षांनी कपाट मिटलं. बायकोने ते चार वेळा उघडलं आणि चार वेळा मिटवलं.

“अकरा वर्षं का राहिलं मग हे?” तिने विचारलं.

“तू घरातच होतीस ना,” मिस्त्री म्हणाले. “घाई कसली होती?”

सकाळी मिस्त्री चहा घेऊन बसले आणि त्यांची नजर कपाटाकडे गेली. कपाटाचं दार आ वासून उघडं होतं.

“अगं, पॅकिंग! पॅकिंग कुठे गेलं?”

“काढून घेतलं,” बायको आतून म्हणाली. “त्याच्यावर माझ्या दाराचं चित्र आहे. आज बाकीच्या तेराजणींना दाखवायचंय, मग फ्रेम करून आणणार आहे. तुम्ही दुसरं काहीतरी घाला.”

ती बाहेर आली, कपाटाला सुतळी बांधली, तिकीट पर्समध्ये जपून ठेवलं आणि चपला घालून निघून गेली. जाताना तिने घराचं दार ओढून घेतलं नाही. मिस्त्रींनी उठायला म्हणून खुर्चीच्या हातांना धरलं. मग हात सोडले आणि उघड्या दाराकडे बघत, तिच्या परत येण्याची वाट बघत, चहा पीत बसले.